डबस्टेप रिकामं वाटतं, कारण अर्धं गाणं तुझ्यापर्यंत पोचतच नाही

प्रश्न असा आला आहे: "दादा, मी सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे. स्क्रिलेक्स, एक्सिजन यांच्यापासून डबस्टेप ऐकायला लागलो. आता नवीन काय येतंय ते शोधतोय. लोक ज्याला डीप डबस्टेप किंवा एक्सपेरिमेंटल बेस म्हणतात ते लावलं तर एकदम रिकामं वाटतं, ड्रॉप येतच नाही. चांगले नवे रिलीज शोधायचे कुठे? आणि हे आपल्याकडच्या डीजेवर वाजेल का?"

आधी ते रिकामं का वाटतं ते बघू. ते सुटल्याशिवाय मी कितीही लेबलांची (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांची) नावं दिली तरी तुला उपयोग नाही. नव्या वाचकांसाठी एवढंच: डबस्टेप म्हणजे लंडनमधून आलेलं, जड बेसवर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि ड्रॉप म्हणजे चढत गेलेला ताण सुटून बेस कोसळतो ती जागा.

तू बहुतेक फोनवर नाहीतर हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत असणार. फोनचा स्पीकर तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच काढत नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर फार तर सत्तर-ऐंशीपर्यंत उतरतो. आणि डीप डबस्टेपमधला जो मुख्य आवाज असतो, ज्याच्यासाठी बाकीचं सगळं मोकळं सोडलेलं असतं, तो राहतो साधारण ३० ते ६० हर्ट्झमध्ये. म्हणजे तुला ऐकू येते फक्त वरची टिकटिक आणि एखादा स्नेअर, म्हणजे कडक फटक्याचा ड्रम. रिकामं वाटणारच.

स्क्रिलेक्सचं गणित वेगळं आहे. २०१० च्या 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स'नंतर अमेरिकेत जी शैली फोफावली, तिच्यातला गुरगुरणारा बेस बराचसा दीडशे हर्ट्झच्या वर, पार दोन-तीन हजारांपर्यंत पसरलेला असतो. तो फोनवरसुद्धा अंगावर येतो. यात कमी-जास्त प्रतीचा प्रश्न नाही. एका शैलीने वजन मधल्या पट्टीत ठेवलं, दुसरीने तळाशी.

तेव्हा पहिला खर्च इअरफोनवर कर. महागडा नको. कानात घट्ट बसणारा, रबरी टोपीचा, वायरचा साधा इअरफोनही ३०-३५ हर्ट्झपर्यंत उतरतो, अट एकच, टोपी कानात नीट बसली पाहिजे. थोडी जरी फट राहिली तरी पहिल्यांदा जातो तो बेस. डब्यात तीन मापाच्या टोप्या येतात, त्या तिन्ही लावून बघ. मग फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकटचं ॲप घे, साइन वेव्ह लाव आणि १०० हर्ट्झवरून हळूहळू खाली ये. चाळीसला स्वर अजून टिकून असेल तर इअरफोन चालेल. पन्नासच्या आसपासच गायब झाला तर टोपी बदल.

घरी मोठे स्पीकर असतील तर खोलीचाही विचार करावा लागेल. आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय बारा. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ चा. बादलीतलं पाणी हलवलं की कडेला चढतं आणि मधोमध जवळपास स्थिर राहतं, तसाच दाब भिंतीपाशी चढतो आणि खोलीच्या मध्यावर पडतो. पलंग नेमका मध्ये असेल तर डबस्टेपचा सगळा जीव तुझ्या डोक्यावरून निघून जाणार. तोच ४७ चा स्वर लावून खोलीत चालून बघ. एका जागी छाती भरून येईल आणि चार पावलांवर काहीच नसेल. स्पीकर हलवण्याआधी तू स्वतः हल. मधल्या रेषेतून उठून मागच्या भिंतीच्या दिशेने थोडा सरक, एवढ्यानेही फार फरक पडतो.

आता ड्रॉपबद्दल. वेग दोन्हीकडे मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपासच असतो, पण स्नेअर तिसऱ्या ठोक्यावर एकदाच पडतो, म्हणून शरीर ७० ने डोलतं. मधल्या मोकळ्या जागेत बेस स्वतःची चाल चालतो: कुठे येतो, किती थांबतो, परत येताना खाली उतरतो की वर चढतो. आपले कान हलगी आणि ढोल-ताशावर पोसलेले, तिथे प्रत्येक जागा भरलेली असते. इथे वादकाने सोडलेली जागा ऐकायची आहे. सुरुवातीला फक्त बेसवर लक्ष ठेव, ड्रम विसरून जा. दोन-तीन गाण्यांत कान लागतो.

मग नवे रिलीज. इथे 'नवं' कशाला म्हणायचं हे समजून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी थोडं मागे जाऊ.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. डीजे हॅचा तिथे काम करायचा, स्क्रीम आणि बेंगा ही पोरं तिथेच घुटमळायची. यूके गॅरेज या तिथल्या नाचाच्या संगीतातलं गाणं आणि चमकधमक काढून टाकत टाकत उरला तो हा अंधारा सांगाडा. पोरं घरी ट्रॅक बनवायची आणि तो डबप्लेटवर कापून घ्यायची. डबप्लेट म्हणजे लॅकरचा मऊ थर असलेली एकुलती एक तबकडी, काही डझन वेळा वाजवली की झिजते. ही रीत जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांची, लंडनमध्ये स्थायिक झालेल्या कॅरिबियन कुटुंबांबरोबर तिथे पोचलेली. ट्रॅक आधी मोजक्या डीजेंकडे जायचा, प्लॅस्टिक पीपल क्लबमधल्या 'फॉरवर्ड' रात्रीत वाजायचा, २००५ पासून ब्रिक्स्टनच्या डीएमझेड रात्रीत वाजायचा, मोठ्या सिस्टिमवर लोकांच्या अंगावर तपासला जायचा. महिनोन्‌महिने असं चालल्यावर मग कधीतरी तो विकायला यायचा. काही तर कधीच आले नाहीत.

तबकडीच्या जागी आता फाइल आली, पण सवय तीच आहे. म्हणून रिलीजची तारीख हा त्या ट्रॅकच्या प्रवासातला शेवटचा थांबा असतो. स्ट्रीमिंग ॲपची 'न्यू रिलीज' यादी बघत बसलास तर तू कायम सगळ्यांच्या मागे राहशील. शिवाय ते ॲप तुला तू आधी ऐकलेल्यासारखंच पुढे करतं, म्हणजे एक्सिजननंतर आणखी दहा एक्सिजन.

त्यापेक्षा रेडिओवरचे मिक्स, म्हणजे डीजेने एकामागून एक जोडून वाजवलेले ट्रॅक, ऐक. रिन्स एफएम १९९४ मध्ये बिनपरवाना स्टेशन म्हणून सुरू झालं, २०१० मध्ये त्याला परवाना मिळाला, आणि डबस्टेप वाढला तो बराचसा तिथेच. दुसरं एनटीएस, २०११ पासूनचं. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे आहे, तेव्हा तिथला रात्री अकराचा कार्यक्रम इथे पहाटे येतो. जागू नकोस, दोन्हीकडे जुने कार्यक्रम ऐकायला मिळतात. मिक्सच्या यादीत एखाद्या ट्रॅकपुढे 'अनरिलीज्ड' किंवा 'डब' लिहिलेलं दिसलं आणि तो आवडला, तर कलाकाराचं नाव वहीत लिहून ठेव. पाच-सहा महिन्यांनी तोच ट्रॅक कुठल्या लेबलावर आला हे कळलं की तुला ते लेबल कळलं, आणि माझ्या मते या संगीतात लेबल कळणं हे कलाकार कळण्याहून जास्त कामाचं आहे.

लेबलांपैकी पहिलं मी डीप मेडीच सांगेन. डिजिटल मिस्टिक्स या जोडीतल्या माला नावाच्या निर्मात्याने २००६ मध्ये काढलेलं. तळाचं वजन, ध्यान लागावं असा संथपणा आणि घाई नसलेले ट्रॅक हवे असतील तर तिथून सुरुवात कर. यंगस्टाचं सेंट्री जास्त थंड, जास्त कोरडं. ब्रिस्टल शहराचा स्वभाव निराळा. पिंचचं टेक्टॉनिक २००५ चं, पेव्हरलिस्टचं लिव्हिटी साउंड २०११ चं आणि बाटूचं टाइमडान्स. या तिघांकडे डबस्टेपचा तळ आहे पण वरचा ताल टेक्नोच्या बाजूला झुकतो, १४० ची सक्ती नाही. लंडनमध्ये कोडनाइनचं हायपरडब, २००४ पासूनचं, आणि २००७ मध्ये बेन यूएफओ, पँजिया आणि पिअर्सन साउंड या तिघांनी सुरू केलेलं हेसल ऑडिओ. म्युनिकचं इलियन टेप आणि प्रागचं युकू हीही यादीत ठेव. युकूवर खरोखरच काय ऐकायला मिळेल सांगता येत नाही, आणि एक्सपेरिमेंटल या नावाला ते जागतात.

गेल्या काही वर्षांतलं नेमकं काय ऐकायचं, तर तुझ्यासाठी पूल आहे तो 'रंबल', जानेवारी २०२३. स्क्रिलेक्स आणि फ्रेड अगेन यांच्याबरोबर त्यात आवाज आहे फ्लोडॅनचा. या ट्रॅकला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. पण फ्लोडॅन हा मुळात लंडनच्या ग्राइम या रॅपच्या शैलीतला, आणि २००८ मध्ये द बग या निर्मात्याच्या 'लंडन झू' अल्बमवर तो आधीच गरजून गेला होता. म्हणजे तुला आवडणाऱ्या ट्रॅकमधला तो जड, खालच्या पट्टीतला आवाज थेट त्या दुसऱ्या बाजूच्या दारातून आलेला आहे. 'रंबल' ऐक, मग द बगचा २०२१ चा 'फायर' ऐक, त्यावरही फ्लोडॅन आहे. तिथून द बगच्याच प्रेशर लेबलवर आलेल्या घोस्ट डब्जच्या 'डॅमेज्ड'कडे जा, २०२४ चा. त्यात ड्रम जवळपास विरघळलेत, उरलाय तो धुरकट, हळू सरकणारा तळ. मी तो रात्री काम आटोपल्यावर अगदी कमी आवाजात लावतो. कमी आवाजातही ज्याचं वजन जाणवतं तो बेस खरा बांधलेला, ही माझी कसोटी आहे.

बरियलचं नाव तू ऐकलं असशीलच. २००७ चा 'अनट्रू' सगळे सांगतात, बरोबरच सांगतात. पण त्यानंतर तो कुठे गेला हे बघ: २०२२ च्या 'अँटिडॉन'मध्ये त्याने ताल जवळपास काढूनच टाकला, आणि २०२४ मध्ये एक्सएल लेबलवर आलेल्या 'ड्रीमफिअर'मध्ये तोच माणूस जुन्या रेव्हच्या वेगाने धावत सुटला. पँजियाचा 'चेंजिंग चॅनल्स' २०२३ चा, उजळ आणि नाचरा. स्की मास्कचा 'रिसॉर्ट' २०२४ चा. आणि जरूमचा (इंग्रजीत Djrum) २०२५ चा 'अंडर टँगल्ड सायलेन्स', ज्यात पियानो आणि तुटक ड्रम एकमेकांना धरून चालतात. माझ्यासाठी अलीकडचा सगळ्यात मोठा अल्बम तोच. त्याला डबस्टेप म्हणायचं की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी तो आधी पूर्ण ऐकावा.

उत्तर अमेरिकेकडे पाठ फिरवू नकोस. लिक्विड स्ट्रेंजरचं वाकान, झेड्स डेडचं डेडबीट्स इथून भरपूर माल येतो. त्यातला बराच मला थकवतो, कारण दर सेकंदाला नवा आवाज काढून दाखवण्याची चढाओढ लागलेली असते आणि तीन मिनिटांत कानाला धरायला काही उरत नाही. पण ईप्रॉम आणि जी जोन्स यांचं काम ऐक. आवाज तितकेच विचित्र, तरी मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवलेली.

इंग्लंडच्या बाजूलाही हाच कंटाळा दुसऱ्या रूपात आहे. दर आठवड्याला असे ढीगभर ट्रॅक येतात ज्यांत स्नेअर तोच, घुमारा तोच, सुरुवातीला सिनेमातला एखादा संवाद आणि मग एका स्वरावर हलणारा बेस. नवा ट्रॅक घेण्याआधी मी दुसऱ्या ड्रॉपपाशी जाऊन बघतो. पहिल्यापेक्षा तिथे काही बदललंय का? बेसने नवं काही सांगितलं का? जसाच्या तसा चिकटवला असेल तर पैसे वाचव.

पैशांचं म्हणशील तर बँडकँप या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर घे. डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा ते ठेवतात, बाकी पैसे, पेमेंटचा खर्च वजा जाता, लेबलकडे जातात. बँडकँप फ्रायडे म्हणून काही ठरावीक शुक्रवार असतात, तेव्हा तो १५ टक्केही सोडतात. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा किंवा दीडला सुरू होऊन शनिवारी दुपारी संपतो. लेबलला फॉलो केलंस की रिलीजची मेल येते. फाइल डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारची घे. यूट्यूबवरून उतरवलेली फाइल इअरफोनवर खपून जाते, मोठ्या सिस्टिमवर तिचा तळ चिखल होतो. रेकॉर्ड मागवायचा मोह होईल, पण एका बारा इंची रेकॉर्डपेक्षा टपालखर्च जास्त पडतो. तीन-चार मित्र मिळून एकदम मागवा.

आपल्या देशातही काम झालंय. मुंबईत बे बीट कलेक्टिव्हने २०१० च्या आसपास डबस्टेप आणि ड्रम अँड बेस क्लबांत रुजवला. न्यूक्लियाच्या २०१५ च्या 'बेस रानी'ने रस्त्यावरचा बाजा आणि जड बेस एकत्र आणला. दिल्लीच्या बास फाउंडेशन रूट्स, म्हणजे बीएफआरने तर जमैकन पद्धतीची स्वतःची सिस्टिमच उभी केली. आणि सोलापूरच्या पोराला तर कच्चा माल दाराशी आहे. पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात परवानगी घेऊन यंत्रमाग रेकॉर्ड कर. जुना साधा माग मिनिटाला शंभर ते दीडशे वेळा धोटा फेकतो, म्हणजे १४० च्या आसपास चालणारा माग शोधलास तर ताल तयारच मिळेल. तुळजापूरच्या वाटेवर संबळ ऐकायला मिळतो. त्याच्या जोडीतला खालचा स्वर घे आणि एक सप्तक खाली उतरव. लंडनच्या पोराकडे हे आवाज नाहीत. हेच ड्रम पॅक विकत घेऊन तेच स्नेअर वाजवण्यात तू वर्षं घालवू नकोस.

आता शेवटचा प्रश्न, आपल्या डीजेचा. मी सोलापुरात साउंड भाड्याने देतो, लग्न, जयंत्या, कॉलेजची गॅदरिंग, त्यामुळे हे आतून सांगतो. आपल्याकडचे १८ इंची बेस बॉक्स ढोल आणि किकसाठी बांधलेले असतात. त्यांची ताकद ५० ते १०० हर्ट्झमध्ये. त्याखालचं क्रॉसओव्हरवरच (स्वर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या यंत्रात) कापलेलं असतं, साधारण चाळीसला, आणि ते बरोबरच आहे. बॉक्स ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याखालचा स्वर जोरात दिला तर स्पीकरचा कोन मोकळा हलत सुटतो आणि स्पीकर निकामी होतो. म्हणून साउंड चेकचे ट्रॅक बॉक्सांच्या त्या भिंतीवर हादरवतात आणि डीप मेडीचा ३६ हर्ट्झवरचा ट्रॅक त्याच भिंतीवर मुका वाटतो. साउंडवाल्याला कापणी काढायला सांगू नकोस. ४५-५० च्या वर बेस असलेले ट्रॅक निवड. स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही प्लगइन लावून घरीच बघता येतं.

पण मिरवणुकीत हे वाजवू नये असं माझं ठाम मत आहे. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आणि हे आकडे ज्या ए वेटिंगवर, म्हणजे मीटरच्या कानासारखं मोजण्याच्या पद्धतीवर, मोजतात ते बेसला फार कमी धरतं. ५० हर्ट्झचा ९५ डेसिबलचा स्वर मीटरवर ६५ च्या आसपासच दिसतो. म्हणजे आकडा कमी दिसत असताना जुन्या पेठांतल्या खिडक्यांची तावदानं वाजत असतात, आत एखादं तान्हं बाळ असतं, एखादा हृदयरोगी असतो. उंच स्वर भिंतीत अडतो, हा तळाचा आवाज भिंत ओलांडून जातो. शिवाय हे संगीत ऐकायला उभं राहावं लागतं, एका जागी, अर्धा-पाऊण तास. मिरवणुकीत ते शक्य नाही.

छोटा बंद हॉल घे, वस्तीपासून लांब, होटगी रोडच्या किंवा एमआयडीसीच्या बाजूचा. चाळीस-पन्नास लोक पुरे. दोनऐवजी चार सब (बेस बॉक्स) घे आणि अर्ध्याच ताकदीवर चालव, आवाज स्वच्छ राहतो. चारही एका जागी, जमिनीवर, शेजारी शेजारी ठेव. खोलीच्या दोन टोकांना वाटलेस तर बरोबर मध्ये बेस वाढतो आणि त्याच्या बाजूच्या काही पट्ट्यांत ते एकमेकांना खातात. टॉप, म्हणजे वरच्या स्वरांचे स्पीकर, कमी ठेव, एवढे की शेजारच्याशी थोडा आवाज चढवून बोलता येईल. १०० डेसिबलला कान सुरक्षित राहतो तो जेमतेम पंधरा मिनिटं, म्हणून दाराशी इअरप्लगचं पाकीट ठेव, बेस तर अंगातून ऐकू येतोच. आणि पहिला ट्रॅक लावला की दार बंद करून बाहेर रस्त्यावर जा. सगळ्यात जवळच्या घराच्या भिंतीपाशी फोनमधलं मीटर ए वर न ठेवता सी वेटिंगवर लाव, ते बेसला फारसं कमी धरत नाही. ट्रॅक चालू आणि बंद, दोन्ही वेळचे आकडे घे. फरक दिसला तर सब खाली कर, आणि फरक दिसेनासा होईपर्यंत करत राहा. मग आत जाऊन पुढचा ट्रॅक लाव.